चोर सोडून भटक्यांस फाशी

"चोर सोडून संन्याशाला सुळी" ही म्हण आपल्या घरोघर बोलली जाते. धाकट्याने मडके फोडले आणि थोरल्याच्या पाठीत धपाटा बसला, की म्हातारी चुलीपुढे बसल्या बसल्या हीच म्हण म्हणते, आणि सारे घर हसते. पण वाचकहो, हीच म्हण आपल्या नाशिक जिल्ह्यात सहा माणसांच्या बाबतीत अक्षरशः खरी होता होता राहिली, हे आपल्यांतील किती जणांस ठाऊक आहे? त्या सहा जणांस देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने फाशी सांगितली होती. मग त्याच न्यायालयाने दहा वर्षांनी सांगितले की, या माणसांचा गुन्हा शाबीतच झालेला नाही, त्यांस सोडून द्या. दोर तयार असताना ते वाचले कसे, हे नीट समजून घेतले म्हणजे फाशीच्या शिक्षेविषयी आमचे म्हणणे काय आहे ते निराळे सांगावे लागणार नाही.

५ जून २००३ ची रात्र. जिल्ह्यातील एका पेरूच्या बागेत राखणीला असलेले एक गरीब कुटुंब झोपडीत जेवण आटोपून बसले होते. सहा-सात अनोळखी माणसे सुरे-कोयते घेऊन आत शिरली. जे थोडेबहुत पैसे आणि डाग होते ते त्यांनी काढून घेतले, आणि तेवढ्यावर न थांबता कत्तल केली. पाच जीव गेले. त्यांत पंधरा वर्षांची एक मुलगी होती. तिच्यावर मरणापूर्वी काय गुदरले ते आम्ही येथे लिहीत नाही. घरधनीण आणि एक मुलगा मेले असे समजून मारेकऱ्यांनी टाकून दिले, म्हणून ती दोघे वाचली. हे कुटुंब आपल्यासारखेच दुसऱ्याच्या बागेत घाम गाळणारे होते. त्यांच्या दुःखाची बाजू सोडून आम्ही आरोपींची बाजू घेतो असे कोणी समजू नये. उलट त्या बाईचाच शब्द सरकारी यंत्रणेने कसा पायाखाली घातला, तेच या प्रकरणात मुख्य आहे.

घटनेनंतर दोनच दिवसांनी, जखमी अवस्थेत असलेल्या त्या बाईला पोलिसांनी सराईत दरोडेखोरांच्या छायाचित्रांचे पुस्तक दाखविले. तिने त्यांतून चार जणांवर बोट ठेवले. ताजी आठवण, मारेकरी समोर पाहिलेली बाई, आणि पोलिसांच्याच दप्तरातली छायाचित्रे. याहून अधिक काय हवे होते? पण त्या चौघांवर कधी खटला झाला नाही. तिच्या त्या सांगण्याचा कागद कोर्टापुढे नीट आलाच नाही. पुढे पकडले गेले ते निराळेच सहा जण. भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले मजूर, बहुतेक पंचवीस-तीस वर्षांच्या आतले. आणि एक तर गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही झालेला नव्हता. अशा पोराला फाशी देऊ नये असा कायदा असताना ती गोष्टही फाशी ठोठावण्याच्या आड आली नाही. त्यांची नावे आम्ही मुद्दाम देत नाही. कारण सोळा वर्षे ती खुनी म्हणूनच छापली गेली, आता त्यांना निवांत राहू द्यावे.

आता न्यायाची पायरी पायरी पाहा. १२ जून २००६ रोजी नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी दिली. २२ मार्च २००७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेप केली. यावर आरोपींनी अपील केले, आणि सरकारनेही केले. सरकारचे म्हणणे, तीन माना सुटल्या त्या का सुटल्या? ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे ऐकले आणि पुन्हा सहाच्या सहा जणांस फाशी कायम केली. तीन दरवाजे, आणि तिन्ही दरवाज्यांवर एकच पाटी. कायद्याच्या दृष्टीने शंकेला आता जागा उरली नाही, असे कोणीही म्हटले असते. गावच्या पारावर कोणी "अहो, पण ही माणसे निर्दोष असतील" असे बोलला असता तर त्यालाच लोकांनी वेडा ठरविले असते.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १३ मे २००९ रोजी, याच सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात सांगितले की, १९९६ सालच्या एका जुन्या निवाड्याच्या आधारे ज्या काही फाशी दिल्या गेल्या त्या चुकीच्या पायावर उभ्या आहेत. गुन्हा किती भयंकर एवढेच पाहू नये, गुन्हेगार कोण, त्याचे वय, त्याची परिस्थिती, तो सुधारेल की नाही हेही पाहिले पाहिजे, असा दंडक १९८० सालीच घालून दिलेला होता. तो बाजूला ठेवून या शिक्षा झाल्या होत्या. आपले नाशिकचे प्रकरण त्याच चुकीच्या यादीत होते. पुढे २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींस पत्र लिहून अशा तेरा कैद्यांची फाशी रद्द करावी अशी विनंती केली. त्या तेरांत आपले सहा जण होते. म्हणजे न्यायालयच म्हणते आमची चूक झाली, निवृत्त न्यायमूर्ती म्हणतात चूक झाली, आणि माणसे मात्र फाशीच्या कोठडीतच! चूक कबूल होते, दुरुस्त होत नाही. तलाठ्याच्या उताऱ्यावर चुकून दुसऱ्याचे नाव लागले म्हणजे आपण किती हेलपाटे घालतो ते आपल्याला माहीत आहे. येथे उतारा जमिनीचा नव्हता एवढेच.

मग ते वाचले कशाने? एका लहानशा नियमाने. पूर्वी फाशीच्या कैद्याने निकालाचा फेरविचार मागितला, तर न्यायमूर्ती आपल्या दालनात कागद फिरवून त्याचा निकाल लावीत. वकिलाला तोंडाने बोलू देत नसत. २ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, फाशीच्या प्रकरणात तरी उघड्या न्यायालयात वकिलाचे ऐकून घेतले पाहिजे. या नियमाने आपल्या सहा जणांचे दार पुन्हा किलकिले झाले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी २००९ चा निकाल मागे घेतला गेला आणि अपील पहिल्यापासून ऐकले गेले. तेव्हा कोठे त्या छायाचित्रांच्या पुस्तकातील चार बोटांचे ठसे न्यायमूर्तींना दिसले! ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या पीठाने सहाही जणांस निर्दोष सोडले. त्या बाईने ओळखलेल्या चौघांचा पुढील तपास करावा, ज्या अधिकाऱ्यांनी हे केले त्यांना शोधून त्यांच्यावर कारवाई करावी, आणि या सहा जणांस राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा हुकूम झाला. भटक्या जमातीतील गरीब माणसांना खोटेच गोवले गेले असण्याचा संभव नाकारता येत नाही, असेही त्या निकालात आहे.

पाच लाखांचा हिशेब आम्ही करून पाहिला. सुमारे सोळा वर्षांचे दिवस होतात पाच हजार आठशेच्या वर. दिवसाला पडले साधारण ८६ रुपये. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत छाटणीला आलेला मजूर एवढ्या रोजावर कात्री हातात धरणार नाही. आणि तो मजूर संध्याकाळी आपल्या पोरांत जाऊन भाकरी खातो. या माणसांनी तर रोज सकाळी, आज आपल्याला न्यायला येतात की काय, असे म्हणत डोळे उघडले. ज्याचे लग्न नव्याने झाले होते त्याची पोरे बाप न पाहता मोठी झाली असतील, ज्याची आई म्हातारी होती ती वाट पाहून गेली असेल. याला भरपाई म्हणावे, की सरकारी खर्चाच्या वहीतली एक ओळ म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

आता एका गोष्टीकडे आमचे बांधव नीट लक्ष देतील अशी आशा आहे. फाशीविषयी बोलणे निघाले की, "खटले वर्षानुवर्षे चालतात, लगेच लटकवा म्हणजे धाक बसेल" असे आपल्यांतील पुष्कळ जण म्हणतात. हे सहा जण वाचले ते न्यायाच्या शहाणपणाने नव्हे, निव्वळ उशिराने वाचले. २००९ मध्ये निकाल लागल्याबरोबर कोणी घाईने दोर ओढला असता, तर २०१४ चा नियम त्यांच्या राखेवर शिंपडावा लागला असता. घाईची फाशी कशी असते हे नाशिकने पाहिलेले आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघे फासावर गेले; गोळी झाडणारा अनंत कान्हेरे आणि त्याच्याबरोबर गोळी न झाडलेले दोघे. चार महिन्यांत सारे आटोपले! ते प्रकरण निराळे, राजकारणाचे, त्याच्या बऱ्या-वाईटाचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. पण परक्या सरकारची ती चार महिन्यांची गती आपल्या सहा जणांस लावली असती, तर ते २००३ च्या दिवाळीपर्यंतच संपले असते. आणि आपण सर्वांनी फटाके उडविले असते.

विलायतेतही हेच झाले. लंडनमध्ये टिमथी इव्हान्स नावाच्या एका गरीब, जेमतेम अक्षरओळख असलेल्या तरुणास ९ मार्च १९५० रोजी स्वतःच्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी दिली. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्ष देणारा होता त्याच घरात राहणारा क्रिस्टी. तीन वर्षांनी त्या क्रिस्टीच्या घरातून एकामागून एक बायकांची प्रेते निघाली, आणि १९५३ साली तोही फासावर गेला. इव्हान्सला १९६६ साली सरकारने माफी दिली. कोणाला दिली? थडग्याला. त्या देशाला मात्र निदान लाज वाटली. खुनाबद्दलची फाशी तेथे १९६५ साली तहकूब झाली आणि १९६९ साली कायमची बंद झाली. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून इंग्रजांची दंडसंहिता जाऊन नवी न्याय संहिता आली. मोठा गाजावाजा झाला की, गुलामीच्या खुणा पुसल्या. फाशी मात्र जागच्या जागी आहे. इंग्रज आपली फाशी घरी पुरून मोकळा झाला, आणि त्याने येथे ठेवलेला दोर आम्ही वारसा म्हणून जपतो.

"पण धाकाचे काय?" असे कोणी विचारील. धाकाचे उत्तर त्या पेरूच्या बागेतच आहे. जे खरे मारेकरी त्या रात्री आत शिरले त्यांना देशात फाशी आहे हे ठाऊक नव्हते काय? धाक असलाच तर पकडले जाण्याचा असतो. आणि येथे पकडले गेले दुसरेच. खऱ्यांना एवढेच कळले की, पाच मुडदे पाडून माणूस मोकळा राहू शकतो, त्याच्या वाटची फाशी पालातला कोणी गरीब भोगतो. चुकीच्या माणसाला शिक्षा होते तेव्हा बरोबर माणसाची सुटका त्याच कागदावर लिहिलेली असते. त्या बाईला सोळा वर्षे सांगितले की, तुझे वैरी तुरुंगात आहेत. मग एके दिवशी कळले की, नाहीत. तिच्यावर हा दुसरा घाव कोणी घातला?

येथे आम्हांस आपल्याच घरातली एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. २००६ साली भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीस एका बौद्ध कुटुंबातील चौघांस गावाने मारले, तेव्हा आम्ही फाशी मागितली. २०१३ साली सोनईस मेहतर समाजाच्या तीन तरुणांचे निर्घृण खून झाले; तो खटला नाशिकला चालला, आणि २०१८ साली येथील सत्र न्यायालयाने सहा जणांस फाशी सुनावली, तेव्हा पुष्कळांनी पेढे वाटावेत असा आनंद केला. २०१६ साली कोपर्डीच्या मुलीसाठी नाशिकमध्ये लाखोंचा मूक मोर्चा निघाला, आणि त्यातही मागणी फाशीचीच. ज्याचे दुःख त्याने दोर मागितला, आणि आपल्या दुःखाच्या वेळी दुसऱ्याने मागे सरावे असे कोणालाच वाटले नाही. हा राग खोटा नव्हता. पोटच्या पोरीचे, लेकराचे असे हाल झाले म्हणजे कोणाचेही रक्त पेटते, आमचेही पेटते. पण राग आपला आणि दोर सरकारचा, अशी ही भागी आहे. आणि या भागीत दोर कोणाच्या गळ्यात पडावा हे आपला राग ठरवीत नाही. ते ठरवितो फौजदाराचा तपास, गरिबाला मिळालेला वकील आणि साक्षीदाराचा पोटापाण्याचा प्रश्न.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली देशभरच्या फाशीच्या कैद्यांची पाहणी छापली. त्यांत शेकडा ७४ कैदी आर्थिकदृष्ट्या कमकुवत घरचे निघाले, आणि शेकडा ७६ मागासवर्गीय आणि अल्पसंख्य समाजांतले. फाशीच्या कोठडीत सावकाराचा मुलगा शोधावा लागतो. श्रीमंताच्या घरी खून होत नाहीत असे तर कोणी म्हणणार नाही!

भटक्यांच्या पालावर पोलीस आधी का जातात, याचे मूळ फार जुने आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जातीच्या जाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या. पोर पाळण्यात असते तोच ते चोर! रोज हजेरी, तारेच्या कुंपणाची वसाहत, परवान्याशिवाय पाऊल नाही. करवीरच्या शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानात ही हजेरी मोडली, आणि ज्यांना लोक दरोडेखोर म्हणत त्या पारध्यांस नोकऱ्या दिल्या, विश्वासाने जवळ ठेवले. देशाने तो कायदा रद्द केला १९५२ साली. कायदा गेला, पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि फौजदाराच्या डोक्यातली हजेरी अजून चालूच आहे. चोरी कोठेही होवो, गावाबाहेर पाल पडलेले असले म्हणजे तपास संपला.

आणि फाशी नको हे म्हणणे काही परदेशातून आणलेले नाही. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत प्रश्न निघाला की, फाशीच्या प्रत्येक कैद्यास सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क द्यावा काय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले की, त्यापेक्षा फाशीच रद्द करावी हे मला अधिक पसंत आहे; हा देश अहिंसा मानणारा आहे, आचरणात कमी पडला तरी नीतीची आज्ञा म्हणून मानणारा आहे. पुष्कळ जणांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर आहे. हे त्यांचे वाक्य मात्र मोर्च्याच्या फलकावर कधी दिसले नाही. जोतीराव फुल्यांच्या घरी रात्री दोघे मारेकरी सुपारी घेऊन आले होते, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. चरित्रकार सांगतात की, जोतीरावांनी त्यांस विचारपूस करून परत पाठविले, आणि त्यांतला एक धोंडीराम कुंभार पुढे शिकून सत्यशोधक समाजाचा पंडित झाला. सर्वच खुनी धोंडीराम होतील असे भाबडेपणाने आम्ही म्हणत नाही. कित्येकांस मरेपर्यंत तुरुंगाबाहेर सोडू नये असेही आमचे मत आहे, आणि तशी शिक्षा कायद्यात आहे. पण तुरुंगाचे कुलूप चुकले तर किल्लीने उघडते.

हे सारे वाचून, "आपण शेतकरी-कारागीर माणसे, आपण काय करणार?" असे कोणी म्हणेल. करण्यासारखे पुष्कळ आहे, कारण खोट्या खटल्याचा पहिला कागद बहुधा आपल्याच हाताने होतो. गावात गुन्हा घडला की पोलीस पंच शोधतात. रस्त्यावरचा सुतार, चहाच्या टपरीवरचा पोरगा, शेतातून येणारा गडी, "चला, एक सही करायची आहे." आणि आपण करतो. कोयता कोठून निघाला, कपडे कोणाचे, कोणी दाखविले, हे न पाहताच करतो. पुढे तीच सही कोर्टात एखाद्याच्या गळ्याशी जाऊन बसते. म्हणून पंचनामा वाचून दाखविल्याशिवाय सही करू नका, अंगठा तर मुळीच उठवू नका. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते लिहिले असेल तर तेवढे खोडावयास सांगा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे चित्रण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. चित्रण चालू आहे का, एवढे तरी पंचाने विचारावे. फौजदार डोळे वटारील. वटारू द्या.